रिपोर्ट करूनही तो बॉट तिथेच का असतो, त्यामागची गोष्ट

ऑनलाइन गेममध्ये झाडापाशी एक कॅरेक्टर उभं असतं, नाव म्हणजे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं, अंगावर सुरुवातीचेच कपडे. झाड तोडायचं, बॅग भरली की बँकेत जायचं, परत यायचं आणि दरवेळी त्याच एका चौकोनावरून वळायचं. मागे अजून तिघं अगदी तशीच. हेच बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो ती कॅरेक्टर. काही बोललात तर उत्तर नाही. तुम्ही रिपोर्ट दाबता, आठवड्याने बघता तर साहेब अजून लाकडंच तोडतायत. मग सगळे म्हणतात की रिपोर्ट कोणी वाचतच नाही. थोडंफार खरंय ते, पण पूर्ण नाही.

अल्टिमा ऑनलाइन ही गेम १९९७ ला आली तेव्हा लोक मॅक्रो, म्हणजे ठरलेल्या क्लिक आपोआप करणारा प्रोग्राम, लावून खुशाल झोपायला जायचे आणि इकडे कॅरेक्टर खाणीत दगड फोडत राहायचं. पकडायची पद्धत पण साधीच, गेम मास्टर म्हणजे गेमवर लक्ष ठेवणारा माणूस स्वतः समोर येऊन विचारणार, आहेस का रे जागेवर? उत्तर नाही आलं की कारवाई. पण प्लेयर वाढत गेले तसे तेवढे गेम मास्टर आणायचे कुठून?

२००१ मध्ये आलेल्या रनस्केपने हे काम गेमवरच सोपवलं. काम करत गेलं की थकव्याचा आकडा चढायचा, १०० टक्के झाला की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे पॉइंट, बंद, मग स्लीपिंग बॅग काढून झोपायचं आणि उठण्यासाठी स्क्रीनवरचा वेडावाकडा शब्द बरोबर टाइप करायचा. आयडिया भारी होती पण जखम मांडीला नि मलम शेंडीला, कारण बॉटवाल्यांनी त्यातूनही वाट काढली आणि टाइप करत बसली ती खरी माणसं. पुढे रँडम इव्हेंट आले, म्हणजे मध्येच कोणीतरी टपकून कोडं घालणार, त्याचीही उत्तरं बॉटमध्ये लिहिली गेली.

तोवर मामला नुसता आळसाचा राहिला नव्हता, गेममधलं गोल्ड खऱ्या पैशाला विकलं जात होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ग्लायडर नावाचा बॉट चक्क विकत मिळायचा. ती गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने २००५ मध्ये वॉर्डन आणलं, जे तुमच्या कंप्युटरच्या मेमरीत असले प्रोग्राम शोधतं, त्यात ग्लायडरवाले सापडले, की लगेच ग्लायडर बदललं आणि पुन्हा चालू. प्रकरण कोर्टात गेलं ते डिसेंबर २०१० पर्यंत अपिलात चाललं.

तुमचा लाकूडतोड्या आठवडाभर का टिकतो त्याचं एक कारण इथेच आहे. बॉट सापडला की त्याच क्षणी बॅन केला तर तो बनवणाऱ्याला लगेच कळतं की आपण कशामुळे पकडले गेलो, आणि तो तेवढंच दुरुस्त करून मोकळा होतो. म्हणून कंपन्या नावं साठवतात आणि एकदम झाडू मारतात, यालाच बॅन वेव्ह म्हणतात. बघणाऱ्याला मात्र वाटतं सगळे झोपलेत.

रनस्केपवाल्यांचा सगळ्यात जहाल उपाय मात्र वेगळाच होता. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर चालणारा गोल्डचा धंदा मोडायचा म्हणून २००७ च्या डिसेंबरपासून त्यांनी वाइल्डरनेस या भागातली प्लेयर्सची आपसातली मारामारी आणि मग मोकळी ट्रेड, म्हणजे एकमेकांना वस्तू देणं-घेणंच बंद केलं. आता मित्राला साधी तलवार द्यायची तरी हिशोब! रोगापेक्षा इलाज भयंकर, कितीतरी लोक गेम सोडून गेले. शेवटी प्लेयर्सचं मत घेऊन फेब्रुवारी २०११ ला दोन्ही परत आणलं, आणि बॉटही लोंढ्याने परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'बॉट न्यूक' नावाची मोठी सफाई केली, एका दिवसात १५ लाख अकाउंट उडवल्याचा कंपनीचा दावा होता. २०१२ मध्ये तर पकडलेल्या बॉटवर गेममध्येच भर कोर्टात खटला चालवायचे आणि शिक्षा प्लेयर ठरवायचे, उपयोग किती ते सोडा, पण बघायला मजा यायची.

आता तुम्ही म्हणाल, इतके रिपोर्ट आले की थेट बॅन असं का नाही ठेवत. तर टीम फोर्ट्रेस २ बघा. २०११ पासून गेम फुकट, म्हणजे अकाउंट काढायला छदाम लागत नाही. २०२० च्या आसपास तिथे स्नायपर बॉट घुसले, गर्रकन फिरत प्रत्येकाच्या डोक्यात गोळी, वर माइकवर कर्कश आवाज. लोक व्होट टाकून त्यांना किक करायला लागले तर बॉटने खऱ्या प्लेयरचंच नाव लावायला सुरुवात केली, आणि एका सर्व्हरवर चार-पाच बॉट जमले की तेच व्होट टाकून माणसांना हाकलणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. नुसती डोकी मोजून निकाल लावायचा म्हटलं की जास्त डोकी बॉटकडेच असतात, ती त्यांना फुकटात मिळतात.

मे २०२२ मध्ये बोंबाबोंब झाल्यावर या गेमच्या कंपनीने 'तुमचं ऐकतोय' असं ट्वीट केलं, थोडी डागडुजी झाली, बॉट राहिलेच. जून २०२४ मध्ये मग लोकांनी एकेक अकाउंट रिपोर्ट करायचं सोडून थेट कंपनीच्या नावाने याचिका काढली, ३ लाखांवर सह्या झाल्या, आणि महिना संपता संपता बॉट अकाउंट धडाधड उडायला लागली.