जुना डिजिटल कॅमेरा कपाटातनं काढलाय? आधी हे वाचा, मग दुकानात या

कॉलेजची पोरंपोरी हल्ली बाबांच्या कपाटातला 2001-2005 च्या सुमाराचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन येतात आणि विचारतात, काका हा चालू होईल का. बऱ्याचदा कॅमेरा ठणठणीत असतो, मेलेला असतो तो सेल. म्हणून हा कागद छापलाय, निम्मी कामं घरीच होतील आणि तुमची सांगलीची फेरी वाचेल.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर घड्याळाचे साधे सेल घालू नका. लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश चार्ज होताना कॅमेरा एकदम जोरात करंट ओढतो, त्या सेलचा व्होल्टेज तिथेच बसतो आणि लेन्स अर्धी येऊन कॅमेरा बंद, मग लोक म्हणतात मोटर गेली. मोटर काही गेलेली नसते, तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात अजून कितीतरी महिने चालेल. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या, 2000 एमएएच किंवा जास्तीचे, त्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं ते बघून घाबरू नका, बहुतेक कॅमेऱ्यांना ते चालतात. नवे-जुने सेल एकत्र घालू नका.

सेल वर्षानुवर्षं आतच राहिले असतील तर पत्र्यावर पांढरी-हिरवी पावडर दिसेल. अल्कलाइन सेल गळला असेल तर कानातल्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून हलक्या हातानं पुसा, नीट वाळू द्या, मग सेल घाला. पावडर आतपर्यंत गेली असेल तर तसाच घेऊन या, खरवडत बसू नका.

आणि एक विनंती, मोबाईलवर व्हिडिओ बघून स्क्रू खोलू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास साठा असतो, सेल काढल्यावर सुद्धा तो बराच वेळ राहतो. आमच्या स्वतःच्या हाताला एकदा शॉक बसलाय, दोन दिवस बोटं झिणझिणत होती.

कार्डाचा घोळ वेगळा. नवं 32 जीबीचं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून आणतात आणि कॅमेरा म्हणतो कार्ड एरर. मोठ्या कार्डांची एसडीएचसी पद्धत आली 2006 मध्ये, त्याआधीच्या कॅमेऱ्याला ती ओळखताच येत नाही, त्याला 2 जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी लागतं. काही कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्टफ्लॅश असतं, ते वाकडं ढकललं की आतली पिन वाकते. स्मार्टमीडिया तर 128 एमबीच्या वर कधी बनलंच नाही, ऑलिम्पस आणि फुजीचं 2002 चं एक्सडी कार्डही आता बनत नाही, जुनंच शोधावं लागतं. कार्ड मिळालं की आधी त्यातले फोटो उतरवून घ्या, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. घरातले जुने फोटो अजून कार्डातच पडून असतात, आम्ही ते पेनड्राइव्हवर काढून देतो.

स्क्रीनवर सगळं जांभळं, रेघारेघांचं किंवा काळं दिसत असेल तर सेटिंगशी झटापट करू नका. 2002 ते 2004 च्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सीसीडीचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चिपचा, तोच दोष निघाला होता, 2005 मध्ये कंपन्यांनी जाहीर करून फुकट दुरुस्त्याही करून दिल्या, उष्ण आणि दमट हवेत तो लवकर उघडा पडायचा. आता तो भाग मिळणं अवघड, खोटं कशाला बोलू. सीसीडीच्या रंगांची जादू वगैरे म्हणतात, आम्हाला विचाराल तर निम्मी जादू समोरून पडणाऱ्या फ्लॅशची असते.

प्रिंटचं मात्र नीट समजून घ्या. दोन मेगापिक्सेल म्हणजे 1600 बाय 1200, त्यावर 4 बाय 6 झकास येतो, पण 8 बाय 12 मागाल तर चेहरे फाटणार. शिवाय या कॅमेऱ्यांचा फोटो 4:3 चा असतो आणि कागद 3:2 चा, म्हणजे 4 बाय 6 भरून छापला की वरखाली मिळून अर्धा इंच कापला जातो आणि लग्नाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेतल्या मामांचं डोकं जातं. तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा, कापून भरायचा की बाजूला पांढरी पट्टी ठेवून पूर्ण फोटो. न सांगता छापला तर आम्ही पट्टी ठेवतो.

बटन दाबल्यावर फोटो उशिरा निघतो ही तक्रार नेहमीची, पण तो बिघाड नाही, आधी बटन अर्धं दाबून फोकस लागू द्या आणि मग पूर्ण दाबा. मिरवणुकीत पालखी जवळ यायच्या आधीच अर्धं दाबून ठेवायचं. डिजिटल झूम बंदच ठेवा, चार पावलं पुढं जा.

पावसाळ्यात लेदरच्या पाऊचमध्ये कॅमेरा ठेवू नका, बुरशी लागते, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि सेल बाहेर काढून ठेवा. 2019 च्या पुरात भिजलेले कॅमेरे आमच्याकडे आले त्यातले जे घरी एकदा "चालू होतो का बघू" म्हणून सेल घालून दाबले होते ते जळालेच. भिजला तर सेल काढा आणि चालू न करता आणा.

चेकिंगचे पैसे आम्ही घेत नाही. दुपारी 1 ते 4 दुकान बंद असतं. येताना चार्जर, केबल आणि असेल ते जुनं कार्ड घेऊन या, नुसता कॅमेरा आणला की आम्हाला पण पुढं काय करावं कळत नाही.