दहा सीसीचे कुंपण : जुनी पॅटर्न विमाने आणि मोठी इंजिने

गेल्या पावसाळ्यात रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानांचे वेड असलेला डोंबिवलीचा एक मुलगा घरी आला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले २० सीसीचे पेट्रोल इंजिन. "काका, हे मिळालंय. यावर एखादं जुनं पॅटर्नचं विमान बांधायचंय, साठ-सत्तरच्या दशकातलं. कुठलं घेऊ?"

चटकन एखादे नाव सांगणे सोपे होते, पण त्यात त्याचा सगळा पावसाळा आणि महागडी बाल्सा, म्हणजे मॉडेलांचे हलके लाकूड, वाया गेली असती. ही विमाने ज्यांनी रेखाटली, त्यांच्या टेबलावर आधी इंजिन होते, विमान नंतर आले. ते इंजिन कोणते आणि तेवढेच का, हे समजले की निवड बरीच सोपी होते.

पॅटर्न म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या कसरती. लूप, रोल, उलटे उड्डाण, स्पिन, आणि प्रत्येकीला पंचांचे गुण. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संस्थेच्या नावाखाली रेडिओ विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. जिंकले अमेरिकेचे एड काझमिर्स्की, त्यांच्या ओरायन या विमानाने. पुढे त्यांचे टॉरस आले आणि त्याचे किट जगभर गेले. या स्पर्धांना एक कुंपण होते : इंजिन १० सीसीपेक्षा मोठे चालणार नाही. अमेरिकन मापात ते पॉइंट सिक्स्टी वन घन इंच. म्हणून आजही जुने लोक 'सिक्स्टीचं विमान' म्हणतात. पुढची पंचवीस-तीस वर्षे कसरती विमानांचे जे रूप घडले, ते या कुंपणाच्या आत.

पण सुरुवातीला हे कुंपण कुणाला टोचत नव्हते. तेव्हाची बरीच विमाने ७.५ सीसीच्या इंजिनावरच उडत. खरी अडचण रेडिओची होती. आजच्यासारखी दांडी थोडी हलवली की सुकाणू थोडे वळले, अशी सोय नव्हती. रीड पद्धतीच्या रेडिओवर छोट्या छोट्या कळा असत. कळ दाबली की सुकाणू पूर्ण वळे, सोडली की मध्यावर येई. मधले काही हवे असेल तर कळ टकटक दाबत राहायचे. अशा रेडिओवर उडवायचे विमान मुळातच स्थिर आणि क्षमाशील असावे लागे. टॉरस तसेच आहे : पावणेदोन मीटरच्या आसपासचा जाड पंख, न मिटणारी तीन चाके, संथ चाल. आजच्या मुलांना ते बोजड दिसते. मला ते फार सुंदर वाटते, आणि त्याला कारण आहे. त्याकडे पुढे येतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर प्रपोर्शनल, म्हणजे दांडी जितकी हलेल तितकेच सुकाणू वळवणारे, रेडिओ आले आणि चित्र पालटले. १९६७ साली फिल क्राफ्ट जगज्जेते झाले ते क्विक फ्लाय विमानावर. ते स्वतः रेडिओ बनवणारे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हात आणि सुकाणू यांचा नीट मेळ बसल्यावर विमानाने स्वतःहून सरळ राहायची गरज उरली नाही. वरखाली सारख्या गोलाईचे पंख आले, उलटे उड्डाणही सुलट्यासारखे होऊ लागले.

आणि तेव्हा कुंपण टोचू लागले. मोठ्या लूपसाठी, लांब उभ्या चढाईसाठी ताकद हवी, आणि इंजिन मोठे करता येत नाही. मग उरला एकच मार्ग : वेग. विमानाला आधी सुसाट पळवायचे आणि त्या वेगाच्या जोरावर वर फेकायचे. १९७० च्या दशकाची सगळी हुशारी या एका गोष्टीत खर्च झाली. सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा श्नूर्ले पद्धतीने वळवल्या गेल्या. ट्यून्ड पाइप आला : नळीच्या टोकावरून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते आणि तेवढ्याच १० सीसीतून जास्त ताकद निघते. चाके पोटात मिटू लागली, धड सडपातळ झाले. १९७५ चे जगज्जेते लिख्टेनश्टाइनचे वोल्फगांग मॅट, त्यांचे अ‍ॅटलस; १९७७ चे ऑस्ट्रियाचे हानो प्रेटनर, त्यांचे क्युरारे. क्युरारेची खाली झुकलेली आडवी शेपटी दुरूनही ओळखू येते. विमान कुशीवर उडताना आपोआप गडगडू नये, म्हणून तो झुकाव. जो ब्रिडी यांची केऑससारखी बांधायला सोपी विमानेही याच काळातली. 'क्लासिक पॅटर्न' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हाच काळ येतो. त्या मुलाच्या मनातही क्युरारेच होते.

इथे थोडे गणित करू. पाइप लावलेले १० सीसीचे इंजिन ११ इंचाचा, ८ इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरवते. पिच म्हणजे प्रोपेलर एका फेरीत जेवढे पुढे सरकेल ते अंतर; पिच गुणिले फेऱ्या केले की हवेला मागे ढकलण्याचा वेग मिळतो : ताशी साधारण १५८ किलोमीटर. २० सीसीचे पेट्रोल इंजिन १६ इंचाचा, त्याच ८ इंच पिचचा प्रोपेलर ८,००० च्या आसपास फिरवते. त्याचा वेग निघतो ताशी साधारण ९८ किलोमीटर. म्हणजे दुप्पट मापाचे इंजिन बसवले आणि विमान मंदावले! ओढ भरपूर, पळ कमी. बैल आणि घोडा यांत जो फरक, तोच इथे. क्युरारेचे अरुंद, वजनाला थोडे भारी विमान वेगावर जगणारे. त्याला हा बैल जुंपला तर उभे चढेल छान, पण त्याची ती तारेसारखी ताठ, लांब रेघ ओढत जाण्याची खुमारी जाईल. आणि ज्यासाठी ते विमान बांधायचे, ती खुमारीच तर होती.

शिवाय जागेचा प्रश्न. ११ इंचांवरून १६ इंचांवर गेलो की प्रोपेलरचे टोक अडीच इंच, म्हणजे सहा सेंटिमीटरहून जास्त खाली येते. पंखात मिटणारे आखूड पाय तेवढी उंची देत नाहीत. पाय लांब केले तर पंखातल्या खोबणीत मावत नाहीत. गवतावर पहिल्याच उतरणीत प्रोपेलर मोडणार, हे कागदावरच दिसते.

कुंपण मोडले ते १९८० नंतर. दोन गोष्टी जवळपास एकत्र घडल्या. दशकाच्या मध्यावर टर्नअराउंड कार्यक्रम आला. आधी प्रत्येक कसरत पंचांसमोर करायची आणि मधल्या वेळात वाटेल तसे वळून परत यायचे, आता वळणेही गुणांची झाली आणि सगळे एका ठरावीक चौकटीत करायचे. सुसाट विमान त्या चौकटीत मावेना. चढताना आणि उतरताना एकच वेग राखणारे, संथ आणि ताकदवान विमान हवे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे फोर स्ट्रोक इंजिने. नियमांत त्यांना २० सीसीपर्यंत मुभा मिळाली आणि जपानच्या वायएस कंपनीच्या १२० (१.२० घन इंच, म्हणजे साधारण २० सीसी) इंजिनांनी मोठा प्रोपेलर सावकाश फिरवण्याची रीत रूढ केली. १९९० च्या दशकात इंजिनाच्या मापाची अटच गेली. उरली ती विमानाची : लांबी दोन मीटर, पंख दोन मीटर, वजन पाच किलो. त्या विमानांची धडे उंच आणि फुगीर झाली, पंख काढता-घालता येणारे झाले.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. १९२८ पासूनचा जुहूचा विमानतळ आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून तिथे टपाल घेऊन उतरलेले जे.आर.डी. टाटा, हे मुंबईच्या मुलांना शाळेतच ठाऊक होते, पण मॉडेल उडवायचे म्हणजे एनसीसीच्या एअर विंगमधले, तारेला धरून गोल फिरवायचे विमान, आणि त्यावर कोलकात्यात बनणारे ऑरोराचे छोटे डिझेल इंजिन. १९९१ पूर्वी परदेशी इंजिन मिळायचे ते कुणाचा मामा बोटीवर असला किंवा आतेभाऊ आखातातून आला तर. जे येई ते वापरायचे. आधी विमान ठरवून मग इंजिन आणण्याची चैन कुणाकडे नव्हती, त्यामुळे त्या मुलाचा 'हे इंजिन आहे, आता विमान सांगा' हा प्रश्न मला आमच्याच काळातला वाटला.

पेट्रोलकडे वळण्यालाही इथले कारण आहे. ग्लो इंजिनाचे, म्हणजे त्या जुन्या १० सीसीच्या जातीच्या इंजिनाचे, इंधन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल; साधे मिश्रण ८० टक्के आणि २० टक्के. एरंडेलाची कमतरता नाही, पण मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर दुकानदार कशाला हवे, परवाना कुठे, असे विचारू लागले, आणि त्यांनी विचारायलाच हवे. पेट्रोल मात्र कोपऱ्यावरच्या पंपावर मिळते, आणि पेट्रोल इंजिन पितेही कमी. ज्यांनी आयुष्यभर एरंडेलाचा वास अंगावर वागवला, त्यांना तो सुटल्याचे दुःख आहे, मलाही आहे.

तर २० सीसीला काय शोभेल? माझे मत असे की इतिहासाची दोन टोके शोभतात, मधला भाग नाही. एका टोकाला टर्नअराउंड काळातली, १२० फोर स्ट्रोकसाठी काढलेली विमाने. त्यांचा नकाशा आहे तसा चालतो. दुसऱ्या टोकाला टॉरसच्या काळातली जाड पंखाची, संथ विमाने. ती कमी ताकदीच्या इंजिनासाठी काढली होती, म्हणजे त्यांना वेगाची सवय नाही. मोठा प्रोपेलर सावकाश फिरला तर ती खूश असतात, आणि चाके मिटत नसल्याने पाय हवे तेवढे लांब करता येतात. फक्त नकाशा मोठा करावा लागतो.

मोठा किती, तेही मोजून. नकाशा १.२ पट केला की पंखाचे क्षेत्र १.४४ पट होते, पण सगळे लाकूडही त्याच प्रमाणात जाड केले तर वजन १.७३ पट. म्हणून फळ्यांची जाडी तशीच्या तशी वाढवायची नाही. साडेतीन किलोचे मूळ विमान पाच किलोत बसवता आले तर पंखावरचा भार मूळ विमानाइतकाच राहतो. त्यापुढे गेले की उतरताना जड पडते.

नाकाचेही पाहावे लागते. जुने १० सीसीचे इंजिन सायलेन्सरसह साधारण साडेपाचशे ग्रॅम, २० सीसीचे पेट्रोल इंजिन इग्निशनसकट आठशेच्या घरात. हे जादा अडीचशे ग्रॅम सीजीच्या, म्हणजे विमानाच्या तोलबिंदूच्या, ३० सेंटिमीटर पुढे बसले, तर ९० सेंटिमीटर मागे, शेपटीत, ८० ग्रॅमहून जास्त शिसे घालावे लागेल. त्यापेक्षा नाक दोन बोटे आखूड करावे, बॅटरी आणि शेपटीचे सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागे न्यावेत. एकसिलिंडर पेट्रोल इंजिनाची थरथर ग्लोपेक्षा वाईट असते. फायरवॉल, म्हणजे इंजिन बसवायची नाकातली फळी, नुसती चिकटवून भागत नाही, कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या आणि आडव्या खुंट्या हव्यातच.

उडवायचे कुठे, हा मुंबईकराचा कायमचा प्रश्न. शहरात पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत रिमोटवरची छोटी विमानेही येतात. सांताक्रूझ, जुहू आणि २०२५ पासून नवी मुंबई, असे तीन विमानतळ आजूबाजूला. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे : वजन २५ किलोपर्यंत आणि विमान नजरेच्या टप्प्यात. तरी निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे बघावेच लागते. म्हणून सगळे कर्जत-बदलापूरच्या पलीकडे जातात, भात कापणीनंतर, शेतमालकाला विचारून.

आणि तिथपर्यंत जायचे लोकलने. मुलाने निवडलेल्या टॉरसचा पंख १.२ पट केला की २ मीटर १३ सेंटिमीटर होतो, आणि मूळ नकाशात तो एकसंध आहे. डोंबिवलीच्या त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही, हे मुलाने दुसऱ्याच दिवशी मोजून सांगितले. टर्नअराउंड काळातल्या विमानांकडून त्याने एक गोष्ट उचलली : मधोमध अ‍ॅल्युमिनियमची नळी, दोन्ही पंख सुटे. आता बरगड्या कापून झाल्या आहेत. बाल्सा पावसाच्या दमटीने वाकते म्हणून दोन्ही पंखांची जोडणी काचेवर वजने ठेवून चालली आहे, आणि पुढच्या चाकाचा पाय त्याने नकाशापेक्षा सात सेंटिमीटर लांब धरला आहे.