सोन्याचा थर की मँगनीजची चिमूट?

ॲल्युमिनियम साधारण १.२ केल्विनला अतिसंवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो; मॉलिब्डेनम ०.९ केल्विनला. दुर्बिणीतल्या ‘ट्रान्झिशन एज सेन्सर’ला (अशाच धातूने जराशीही उष्णता टिपणाऱ्या सेन्सरला) मात्र हे संक्रमण, म्हणजे अतिसंवाहक होणं, बऱ्याचदा ०.१ ते ०.२ केल्विनच्या पट्ट्यात लागतं. त्याचा रोध शून्यावरून वर चढतो ती चढण फार अरुंद, काही मिलिकेल्विनची. सेन्सर त्या चढणीच्या मध्यावर धरून ठेवायचा. जराशी उष्णता आली की रोध झपाट्याने वाढतो. अशा तापमानाचा आयता शुद्ध धातू क्वचितच मिळतो, म्हणून संक्रमण मुद्दाम खाली ओढतात. ‘दुसरा धातू घालून’ असं त्याचं मोघम वर्णन होतं, आणि दोन निराळ्या युक्त्यांची गल्लत तिथेच होते.

पहिल्या युक्तीत काहीच मिसळत नाही. मॉलिब्डेनमवर सोन्याचा किंवा तांब्याचा वेगळा थर बसवतात. अतिसंवाहकातल्या कूपर जोड्या (रोधाशिवाय वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) शेजारच्या साध्या धातूत झिरपतात, आणि दोन्ही थर पुरेसे पातळ असतील तर ती जोडगोळी मिळून एकाच, खालच्या तापमानाला अतिसंवाहक होते. ते तापमान ठरतं जाडीच्या प्रमाणावर आणि दोघांमधल्या सीमेवर. ही सीमाच खरी डोकेदुखी. मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा आला की झिरपणं मंदावतं आणि तापमान अपेक्षेपेक्षा वर राहतं. म्हणून निर्वात न मोडता दोन्ही थर लागोपाठ चढवतात.

दुसऱ्या युक्तीत थर एकच, पण ॲल्युमिनियममध्ये मँगनीज विरघळवलेलं: दर दहा लाख अणूंमागे हजार-दोन हजारांच्या घरात. इथे बहुतेकांना वाटतं, मँगनीज चुंबकीय, म्हणून तो जोड्या फोडतो. टंगस्टनमध्ये लोखंडाचे आयन घुसवून तापमान उतरवतात तिथे ते लागू पडतं. ॲल्युमिनियममध्ये मात्र मँगनीजचं चुंबकत्व स्थिर राहतच नाही. त्याची स्पिन (ज्यातून अणूचं चुंबकत्व येतं ती) इतक्या वेगाने डळमळते की जोड्या फुटण्याऐवजी मुख्यतः त्यांचं बंधन सैल पडतं. आणखी सोय म्हणजे वेफर (ज्या चकतीवर सेन्सर घडवतात ती) नंतर भट्टीत तापवूनही संक्रमण थोडं सरकवता येतं.

रोधाच्या बाबतीत फरक जास्त जाणवतो. जोडथरात सोनं जाड केलं की रोध उतरतो, पण संक्रमणही सोबत खाली जातं. मिश्रधातूत संक्रमण मुख्यतः मँगनीजच्या प्रमाणावर ठरतं, त्यामुळे जाडी रोधासाठी बरीचशी मोकळी राहते.

चिलीतल्या ॲटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपने दोन्ही वापरून पाहिलं. ‘ॲक्टपोल’ कॅमेऱ्यात मॉलिब्डेनम-तांब्याचे जोडथर होते, पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड ॲक्टपोल’मध्ये ॲल्युमिनियम-मँगनीज आलं. हजारो सेन्सर एकसारखे हवे असतील तर माझंही मत मिश्रधातूलाच. क्ष-किरणांच्या एकेका फोटॉनची ऊर्जा बारकाईने मोजायची असेल, तर नासाच्या गोडार्ड केंद्रासारखे गट अजून मॉलिब्डेनम-सोन्यावरच भिस्त ठेवतात. सोन्यात उष्णता चटकन पसरते, त्यामुळे फोटॉन सेन्सरवर कुठेही आदळला तरी स्पंद जवळपास सारखाच उमटतो.