सार्वत्रिक आरोग्यविम्याचा परिणाम (जपान, १९६१)

देशातील प्रत्येकाला विमा मिळाल्यावर दवाखान्याच्या फेऱ्या, रुग्णालयातील मुक्काम आणि उपचारांवरचा खर्च किती वाढतो, याचे मोजमाप. विमा असलेल्या व नसलेल्या माणसांची नुसती तुलना येथे फसते, कारण आजारी माणूस विम्याकडे आधी वळतो. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७४ ते १९८२ दरम्यान कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वेगवेगळ्या विमा योजना वाटून दिल्या. ठराविक मर्यादेपर्यंत ९५ टक्के खर्च स्वतः सोसणाऱ्यांपेक्षा मोफत उपचार मिळणाऱ्यांवर सुमारे ४५ टक्के जास्त खर्च झाला. प्रयोग काटेकोर होता. पण एका गावातल्या थोड्या कुटुंबांना विमा मिळाला म्हणून तिथे कोणी नवे रुग्णालय बांधत नाही. सगळ्या देशाला मिळाला तर बांधतात.

जपानमध्ये सगळ्या देशाला विमा मिळाला. १९५६ मध्ये तेथील सुमारे एक तृतीयांश लोक विम्याबाहेर होते. त्यांत शेतकरी, छोटे दुकानदार व लहान कारखान्यांतील कामगार बरेच. १९६१ पर्यंत प्रत्येक नगरपालिकेला व गावाला राष्ट्रीय आरोग्यविमा सुरू करणे सक्तीचे झाले. त्या वर्षांत उत्पन्नही झपाट्याने वाढत होते, त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' यांची वजाबाकी दिशाभूल करते. अयाको कोंडो व हितोशी शिगेओका या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रांतांची तुलना केली : जिथे विमा नसलेले लोक अधिक होते, तिथे बदल अधिक दिसायला हवा. तसा तो दिसला. रुग्णालयात दाखल होणे, तेथील मुक्कामाचे दिवस व बाह्यरुग्ण भेटी वाढल्या, आणि ही वाढ रँडच्या आकड्यांवरून बांधता येणाऱ्या अंदाजापेक्षा मोठी होती. खाटा वाढल्या, डॉक्टर व परिचारिकांची संख्या मात्र तशी वाढली नाही. खाट विकत घेता येते, डॉक्टर घडवायला वर्षे लागतात.

अर्थतज्ज्ञ एमी फिंकलस्टीन यांना अमेरिकेच्या १९६५ च्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेतही असेच आढळले : पहिल्या पाच वर्षांत रुग्णालयीन खर्च ३७ टक्क्यांनी वाढला, वैयक्तिक पातळीवरच्या पुराव्यांतून निघणाऱ्या अंदाजाच्या सहापटींहून अधिक.

जपानमध्ये मृत्युदरात विम्यामुळे घट झाल्याचे कोंडो व शिगेओका यांच्या अभ्यासात आढळले नाही. त्यावरून विमा वाया गेला असे म्हणणे घाईचे ठरेल. घर कर्जात बुडू नये, हेही विम्याचेच काम आहे. मेडिकेअरनंतर, ज्या वृद्धांचा खिशातला खर्च सर्वाधिक होता त्या वरच्या चतुर्थांशाचा तो खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला.