येरवड्यात आत असलेल्या माणसाला व्यसनमुक्तीचे उपचार हवेत? अर्ज कुणाकडे, कागद कोणते

घरातला माणूस आत गेला की सगळे जामिनाच्या मागे लागतात, आणि त्याला दारूचं नाहीतर गर्दचं (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉईनचं) व्यसन आहे हे कुणी बोलतच नाही, केस बिघडेल म्हणून. पोलिसांपुढे काय बोलायचं ते वकिलाला विचारूनच ठरवा, पण जेलच्या डॉक्टरपासून हे लपवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या एक-दोन दिवसांत भास, बडबड, थरथर सुरू होते आणि यात माणूस जातोसुद्धा. आत घेताना वैद्यकीय तपासणी होते तेव्हाच त्याने स्वतः सांगायचं, काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं.

आता अर्ज. यासाठी छापील फॉर्म शोधत बसू नका, साध्या कागदावर चालतं. ‘मा. अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, यांस’ असं वर लिहा, खाली बंद्याचं पूर्ण नाव, बंदी नंबर, गुन्हा नंबर आणि पोलीस स्टेशन, व्यसन किती वर्षांचं, आधी कुठे ॲडमिट होता, आणि शेवटी स्पष्ट मागणी, की कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी आणि उपचार व्हावेत. सोबत जुनी डिस्चार्ज समरी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, तुमच्या आधारची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर उद्या कोर्टात काय दाखवणार? गोळ्यांचं पाकीट मुलाकातीला नेऊन त्याच्या हातात देता येत नाही, चिठ्ठी द्या, औषध आतला डॉक्टर ठरवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेत, त्यामुळे आत सोय नसेल तर बाहेरच्या मानसोपचार केंद्रात हलवण्याची तरतूद आहे, त्याला मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी लागते.

दुसरा रस्ता कोर्टाचा, आणि हा फार कमी लोकांना माहितीय. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64ए. केस सेवनाची म्हणजे कलम 27 ची असेल किंवा माल अल्प मात्रेत असेल (गांजा 1 किलो, चरस 100 ग्रॅम, हेरॉईन 5 ग्रॅम, यापेक्षा कमी) आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून संरक्षण मिळतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. शिक्षेची वेळ आली असेल तर कलम 39 बघा, तिथे कोर्ट लगेच जेलमध्ये न पाठवता बाँडवर उपचाराला सोडू शकतं, पण आरोपीची संमती लागते आणि वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट कोर्टापुढे ठेवावा लागतो. अल्प मात्रेपेक्षा जास्त माल लागला असेल तर हे दोन्ही विसरा, कुणी पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणाला तरी.

कोर्टात करायच्या या अर्जाला एफआयआरची प्रत, मालाचं वजन दिसेल असा पंचनामा, व्यसन असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि केंद्राचं ‘बेड देतो’ असं पत्र जोडा. केंद्र निवडताना मान्यतेचा कागद आधी डोळ्यांनी बघा, बोर्डावर काहीही लिहिलेलं असतं.

वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला काढत फिरायची गरज नाही. वकालतनाम्यावर सही आतूनच, अधीक्षकांमार्फत होऊन येते, त्यात दिवस जातात ते धरून चाला.

सुटकेची तारीख जवळ आली की केंद्रात आधीच बोलून ठेवा, 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाईनवरही विचारता येतं. गर्द घेणाऱ्याच्या बाबतीत तर नक्कीच, कारण आत काही महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय गेलेली असते आणि बाहेर येऊन त्याने जुन्याच मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो. त्याला घ्यायला गेटवर जाल तेव्हा जेलच्या दवाखान्यातले कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी मागून घ्या.