२५ नॅनोसेकंदांचा खो

आमच्या एका मित्राकडं क्लास ए अँप्लिफायर आहे. वजन २६ किलो, दोन्ही बाजूंना हाताला टोचतील असे हीटसिंक, आणि पॉवर चॅनलला फक्त २५ वॅट. त्याच्याकडं गाणी ऐकायला बसलो की तो पहिलं काम काय करतो तर पंखा बंद करतो, कारण पंख्याची घरघर गाण्यात येते म्हणे. म्हणजे मे महिना, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि कोपऱ्यात २०० वॅटची शेगडी चालू. गाणं वाजो न वाजो ती २०० वॅट घेणारच, कारण क्लास ए म्हणजे ट्रान्झिस्टर कायम निम्मे उघडे ठेवून बसायचं, सिग्नल आला तर वापरू, नाही आला तर उष्णता.

मागच्या महिन्यात त्यानंच मला एक जाहिरात फॉरवर्ड केली. नव्या पिढीचा गॅन (म्हणजे गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरचा) अँप्लिफायर, वजन तीन किलो, आवाज व्हॉल्व्हसारखा गोड, किंमत विचारू नका. खाली त्याचा शेरा: “डिजिटल आहे रे, कोरडाच वाजणार.” जाहिरातही चूक आणि शेराही चूक, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शेऱ्याचं बघू. हे नवे अँप क्लास डी जातीचे असतात आणि डी म्हणजे डिजिटल असं निम्मं जग समजतं. तसं काही नाही. ए, बी, सी ही अक्षरं आधीच वापरून झाली होती, पुढचं डी होतं, म्हणून डी. आतलं काम समजायला घरातला जुना पंख्याचा रेग्युलेटर आठवा, तो मोठा चौकोनी डबा, ज्याच्यावर हात ठेवला की गरम लागायचा. त्यात रेझिस्टन्सची तार होती, पंख्याला जी वीज द्यायची नाही ती तिथं जाळून टाकायची. आता स्विचबोर्डात बसतो त्या छोट्या रेग्युलेटरचा एक प्रकार काही जाळत नाही, तो सेकंदाला १०० वेळा वीज तोडतो-जोडतो, जेवढा वेळ जोडली तेवढा पंखा फिरतो. नेहमीचा क्लास एबी अँप म्हणजे तो जुना डबा, आणि क्लास डी म्हणजे तोडा-जोडा करणारा. फक्त इथं तोडा-जोडा सेकंदाला ४ लाख वेळा चालते, आणि दर वेळी वीज किती वेळ चालू ठेवायची, म्हणजे कुठली चालू पट्टी किती रुंद, हे गाणं ठरवतं. मग एक कॉइल आणि एक कपॅसिटर त्या पट्ट्यांची सरासरी काढून स्पीकरला देतात. पट्टीची रुंदी हवी तेवढी बारीक बदलू शकते, त्यात शून्य-एकचे आकडे कुठंच नाहीत, म्हणून डिजिटल म्हणायला जागा नाही.

कल्पना काही नवी नाही. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरनं १९६४ मध्ये एक्स-१० नावाचं असंच किट विकायला काढलं होतं. पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर एवढे संथ की ते काही नीट जमलं नाही. आज ब्लूटूथ स्पीकरपासून मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागं जो रॅक असतो तिथपर्यंत सगळीकडं क्लास डी आहे, उगाच नाही जनरेटरला परवडत. हाय-एंडवाले मात्र बरीच वर्षं नाक मुरडत होते आणि त्याला एक खरं कारण होतं. हे कारण माझ्या फार आवडीचं आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

क्लास डीच्या शेवटच्या टप्प्यात दोन मॉस्फेट (तोडा-जोडा करणारे ट्रान्झिस्टर) एकावर एक बसवलेले असतात. वरचा +५० व्होल्टला जोडलेला, खालचा –५० ला, मधल्या बिंदूतून कॉइल निघते. वरचा चालू तेव्हा खालचा बंद, खालचा चालू तेव्हा वरचा बंद. दोघंही एकदम चालू झाले तर १०० व्होल्टचं सरळ शॉर्टसर्किट, आणि मग मॉस्फेटचं झाकण उडून छताला लागतं (माझं एकदा लागलंय, डाग अजून आहे). खो-खोमध्ये खो मिळायच्या आधी उठला की फाऊल असतो ना, तसं. त्यामुळं एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी थोडा वेळ थांबायचं, दोघंही बंद. याला डेड टाइम म्हणतात. सिलिकॉनच्या मॉस्फेटला समजा २५ नॅनोसेकंद.

२५ नॅनोसेकंद म्हणजे काय, प्रकाशसुद्धा तेवढ्यात साडेसात मीटर जातो फक्त. पण ४ लाखांच्या वेगानं एक फेरा २,५०० नॅनोसेकंदांचा असतो, त्यात २५ म्हणजे १ टक्का. आणि या डेड टाइममध्ये मधला बिंदू कुणाच्या ताब्यात असतो? दोन्ही मॉस्फेट तर बंद. तेव्हा कारभार कॉइलकडं असतो. कॉइलमधला करंट भरलेल्या हातगाडीसारखा, ढकलणाऱ्यानं हात काढला तरी चालतच राहणार. करंट स्पीकरकडं चालला असेल तर तो खालच्या मॉस्फेटमधल्या डायोडमधून (करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा दरवाजा) वाट काढतो आणि मधला बिंदू –५० ला खेचला जातो, म्हणजे वरची पट्टी २५ नॅनोसेकंदांनी आखूड झाली. करंट उलटा येत असेल तर बिंदू वर जातो आणि पट्टी तेवढीच लांब. १०० व्होल्टाच्या उडीच्या १ टक्का म्हणजे १ व्होल्ट चूक, आणि करंटची दिशा बदलली की त्या चुकीचं अधिक-उणे चिन्हही बदलतं. म्हणजे सरळ चढत जाणाऱ्या लाटेला मध्येच पायरी.

आता ज्यांना कंटाळा आला त्यांनी पुढचा पॅरा सोडा, पण खरी गंमत त्यातच आहे.

कॉइलमधून फक्त गाण्याचा करंट जात नाही, तोडा-जोडीमुळं तिच्यात सतत एक त्रिकोणी लाट वरखाली होत असते, तिला रिपल म्हणतात. २० मायक्रोहेन्रीची कॉइल धरली तर वरच्या व्होल्टेजला ही लाट साधारण अधिक-उणे दीड अँपिअरची. गाण्याचा करंट याच्यापेक्षा लहान असेल तर काय होतं, प्रत्येक फेऱ्यात वरचा मॉस्फेट बंद होताना करंट बाहेर चाललेला असतो आणि खालचा बंद होताना आत येत असतो. म्हणजे पट्टीची एक कड जेवढी सरकली तेवढीच दुसरीही त्याच बाजूला सरकली, रुंदी तीच राहिली, चूक शून्य! ८ ओहमच्या स्पीकरला हा प्रकार साधारण ९ वॅटपर्यंत चालतो. घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळ १ वॅटच्याही खाली असतं. म्हणजे क्लास एबीमध्ये एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याकडं काम सोपवतो त्या सांध्याची जी खरखर हळू आवाजात जास्त जाणवायची भीती असते, तिथंच क्लास डीच्या या पायरीचा पत्ता नसतो, ती मोठ्या आवाजात निघते. “क्लास डी हळू आवाजात मरतो” असं छातीठोक सांगणारे मी बरेच ऐकलेत, त्यांनी निदान दोष तरी नीट निवडावा.

गॅन इथं येतं. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बच्या आत जो निळा एलईडी असतो तो याच जातीचा, त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि ६५ वॅटचा मोबाइल चार्जर आता मुठीत मावतो तोही याच्याच जोरावर. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, गॅनला ३.४, त्यामुळं ते जास्त व्होल्टेज सोसतं आणि तेवढ्याच व्होल्टेजला ट्रान्झिस्टर खूप लहान करता येतो. वर इलेक्ट्रॉन दोन थरांच्या सांध्यातल्या अगदी पातळ पट्टीतून पळतात, वाटेत अडथळा कमी. लहान ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) भरायला-रिकामं करायला चार्ज कमी लागतो, म्हणजे तो पटकन उठतो-बसतो, म्हणजे डेड टाइम २५ वरून ५ नॅनोसेकंदांवर आणता येतो. चूक १ व्होल्टवरून ०.२ वर.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. सिलिकॉनच्या मॉस्फेटमध्ये तो डायोड जन्मजात असतो आणि तो आळशी असतो, एकदा चालू झाला की बंद करताना त्याच्यात साठलेला चार्ज आधी बाहेर ओढावा लागतो. त्या क्षणी करंटचा एक दणका बसतो आणि मधला बिंदू घंटेसारखा थरथरतो. ऑसिलोस्कोपवर (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघितलं तर चौकोनी लाटेच्या खांद्यावर केस उभे राहिल्यासारखं दिसतं. एफएम रेडिओला त्रास देणारा गोंगाट तो हाच. गॅनमध्ये तसा डायोडच नाही, उलटा करंट ते दुसऱ्या वाटेनं नेतं, साठवणूक नाही. फुकट मात्र नाही, उलटं चालताना त्याच्यावर साधारण २ व्होल्ट पडतात, सिलिकॉनच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून डेड टाइम लहान ठेवणं गॅनला भागच आहे.

पण जाहिरातवाले पुढं काय करतात, वेग आहे म्हणून ४ लाखांचे ८ लाख, १५ लाख करतात. करा की, कॉइल लहान होते, फिल्टर सोपा होतो. पण फेरा निम्मा झाला की तेच ५ नॅनोसेकंद टक्केवारीत दुप्पट झाले, हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही.

शिवाय एक म्हातारं औषध आहे जे या सगळ्याच्या वरचढ ठरतं, ते म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. हॅरॉल्ड ब्लॅक नावाच्या बेल लॅबच्या इंजिनिअरला ऑगस्ट १९२७ मध्ये हडसन नदीच्या फेरीबोटीत ऑफिसला जाताना हे सुचलं आणि त्यानं हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच आकृती काढली. बाहेर पडलेला सिग्नल आत आलेल्याशी ताडून बघायचा आणि फरक उलटा करून परत घालायचा, बस. फीडबॅक १,००० पट असेल तर आपली ती १ व्होल्टची चूक १ मिलिव्होल्ट होते. क्लास डीला हे जमवणं अवघड, कारण फिल्टरची कॉइल सिग्नल उशिरा पोचवते आणि उशिरा आलेली दुरुस्ती म्हणजे शिट्टी. ब्रूनो पुत्झेस या बेल्जियन इंजिनिअरनं आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्समध्ये, मग डेन्मार्कच्या प्युरिफायमध्ये याच एका गोष्टीचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. प्युरिफायचं २०१९ मधलं मॉड्यूल विकृतीत (म्हणजे मूळ सिग्नलमध्ये होणाऱ्या बिघाडात) इतकं खाली गेलं की ते मोजायला मोजणाऱ्या यंत्राचाच कस लागतो. त्यात गॅन नव्हतं, साधे सिलिकॉनचे मॉस्फेट होते.

मग गॅनकडून आशा कसली? माझ्या मते कमी उष्णता, कमी रेडिओ गोंगाट, लहान डबा, आणि चार-पाच वर्षांनी कमी किंमत. आवाजाचा गोडवा नाही. स्पीकर स्वतःच खालच्या सुरांना १ टक्का विकृती सहज घालतो, तिथं अँपमधले ०.००१ आणि ०.०००१ यांच्यात निवड करणं म्हणजे चिखलातून आलेल्या बैलाच्या शिंगांना पॉलिश. पण बाजार तो बाजार. अमेरिकेतल्या एका कंपनीनं तर गॅनचा ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत घालून व्हॉल्व्हसारखा वर मिरवलाय, दिसतो मात्र झकास. असे अँप विकणाऱ्यांच्या दुकानात दीड मीटरची पॉवर केबल ४० हजारांना असते, भिंतीमागं खांबापासून महावितरणची ॲल्युमिनियमची तार आलेली असते ती कोणाला दिसत नाही.

मित्राला पटेना, मग एका ओळखीच्याकडून गॅनवाला अँप दोन दिवस मागून आणला. लावल्या लावल्या मित्र म्हणाला, “हा जास्त उघडा वाजतोय.” मी २०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला, त्याच्या क्लास एवर २.०० व्होल्ट, गॅनवर २.१७. म्हणजे जवळजवळ पाऊण डेसिबल मोठा, एवढंच ते उघडेपण. आवाज सारखा केला, त्याला पाठ करून बसवलं, मी नाणं उडवून अँप बदलत गेलो (डबल ब्लाइंड वगैरे नव्हतं, माझे श्वासही त्याला ऐकू येत असतील). २० पैकी ११ बरोबर. तो अर्धा तास काही बोलला नाही, मग म्हणाला की स्पीकरच्या वायर बदलून परत करू.

मला स्वतःला या नव्या पिढीची एकच गोष्ट खटकते. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून २एन३०५५ आणायचो, तो लोखंडी टोपीसारखा ट्रान्झिस्टर, दोन स्क्रू, खाली मायकाचा वॉशर, थोडी पांढरी पेस्ट, उडाला की दहा मिनिटांत दुसरा. हे गॅनचे तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे, काहींना तर पायच नाहीत, पोटाखाली सोल्डरचे ठिपके. परवा आमच्या दुरुस्तीवाल्याला असा एक बोर्ड दाखवला. त्यानं भिंगातून बघितलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या शेजारी धरून माप घेतलं, टोकच मोठं निघालं, आणि बोर्ड माझ्याकडं परत सरकवला.