खारा वारा उशिरा आला की: कोकणातल्या ऑक्टोबर हीटची पार्श्वभूमी

हस्ताचा पाऊस सरतो, चित्रा लागतं आणि भातकापणीच्या ऐन धांदलीत कोकणात उन्हाचा दुसरा मोसम सुरू होतो. 'ऑक्टोबर हीट' हे नाव इंग्रजी असलं तरी अनुभव जुना आहे. शरदात पित्त खवळतं, हे आयुर्वेद केव्हापासून सांगत आलाय.

कारण वाऱ्यात आहे. मोसमी वारे माघारी फिरले की आकाश निवळतं आणि वारा पूर्वेकडून, घाटावरून वाहू लागतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाऊन दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने तापते. म्हणजे घाटावरची ३१ अंशांची हवा किनाऱ्याला टेकेपर्यंत छत्तिशी ओलांडू शकते. तिला अडवतो तो खारा वारा, म्हणजे दिवसा समुद्रावरून येणारा वारा. तो दुपारच्या आत आला तर पारा तेहतीस-चौतिसावर थांबतो. पूर्वेच्या वाऱ्याने त्याला दोन-तीन वाजेपर्यंत थोपवून धरलं तर त्या दिवशी विक्रम मोडण्याची वेळ येते. मार्चमध्येही हेच होतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मे महिन्यात समुद्रावरचा वारा जोरात असल्याने एवढा आकडा सहसा दिसत नाही.

'विक्रमी' म्हणताना मात्र नोंद कुठली, हे आधी पाहावं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, तर तिथली नियमित चुंबकीय व हवामान निरीक्षणं १८४१ पासूनची. कुलाबा म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी असलेली चिंचोळी पट्टी, तर सांताक्रूझ विमानतळाजवळ, आत. दोघांचे आकडे एका यादीत घालणं चूकच.

मोजणीची पद्धतही काटेकोर असते. पांढरी, झडपांची लाकडी पेटी, तिचं दार उत्तरेला, तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच. कमाल तापमापीच्या नळीत फुग्यालगत एक चिमटा, म्हणजे अगदी अरुंद जागा, असते. पारा वर चढतो, पण परत उतरत नाही. वाचन झाल्यावर झटका देऊन तो खाली आणायचा राहिला आणि दुसरा दिवस थोडा थंड निघाला, तर कालचाच आकडा आजच्या रकान्यात जातो. चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टांगलेली तापमापी तर हवेपेक्षा गडग्याचंच तापमान सांगते.

अलीकडचा बदल जास्त गंभीर आहे, तो लांबलेल्या पावसाचा आणि रात्रीचा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर करावी लागली. २०२४चा ऑक्टोबर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ठरला. त्यात देशाचं सरासरी किमान तापमान २१.८५ अंश होतं, नेहमीचं २०.०१.

हापूसच्या बागायतदाराला ऑक्टोबरची कोरडी उष्णता हवीच असते. जमिनीतली ओल तुटते, झाडाला ताण बसतो, काडी (मोहोर धरणारी कोवळी फांदी) पक्की होते. पण पाऊस रेंगाळला आणि पुढे रात्री गार झाल्याच नाहीत, तर त्याच काडीवर मोहोराऐवजी पालवी फुटते.